देव हसला

...आणि पुन्हा हसला हो! तुम्हाला सांगते, कौल लावला की कुणाचा देव हो म्हणतो, कुणाचा नाही म्हणतो, माझा आपला हसतो! चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे, पोट सपाट, पाठ फुगीर, देवासमोर जमिनीवर टाकायचे. एक उताणा एक पालथा पडला तर हो, दोन्ही पालथे तर नाही, आणि दोन्ही उताणे पडले की देव हसला, म्हणजे उत्तरच नाही! मी विचारते काय, तर माझ्या लेकीला, यूनश्वानला काम मिळेल का... यात हसण्यासारखं काय आहे?

पोरगी आधी सोलर पॅनेल बसवायला शिकली. रोजगार केंद्रातल्या चौबाई म्हणाल्या, "मावशी, काळजी सोडा, हे शिक्षण टिकाऊ आहे!" टिकलं ना, शिक्षणच टिकलं! ते संपलं की विजेच्या स्कूटरची बॅटरी, ते संपलं की पाडलेल्या घरांच्या लाकडापासून नव्या वस्तू! भिंतीवर तीन प्रमाणपत्रं, आणि पोरगी त्यांच्याखाली बसलेली. मी भूमिदेवाला नवस बोलले, हिला काम मिळेपर्यंत घरात मांस शिजणार नाही. आमचे हे स्वभावाने गरीब, पण तेही म्हणाले, "अगं, नवस तू बोललीस, मग डुकराचं मटण माझं का बंद?" काय सांगू? आता रडू येत नाही हो, रागही येत नाही. उदबत्ती लावायची, ठोकळे टाकायचे, देव हसला... घरी येऊन तोफू चिरायचा.

परवा यूनश्वानला बळंच देवळात सोबत नेलं. टाकले. देव हसला. पोरीने ठोकळा उचलून पाठीवरून अंगठा फिरवला. "आई, कसला हसतोय! पाठी घासून सपाट झाल्यात यांच्या. पाठीवरच पडणार, दुसरं काय करतील?"

मी कानच धरले! देवळातले लिआओ काका धावत आले, "पोरी, चाळीस वर्षं लोक यावर लग्नं ठरवतायत! माझंसुद्धा यावरच ठरलं!"

आतून काकू म्हणाल्या, "तरीच!"

काकांनी तिथल्या तिथे तिला नवी जोडी करायला सांगितली. जुन्या तुळईतून काय सुबक कोरली हो! शेजारच्या देवळांनी पाहिली, अकरा जोड्या सांगितल्या. माझा आनंद पोटात मावेना.

"किती वर्षं टिकतील गं या?" मी विचारलं.

"साठ वर्षं बघायला नको. टिकाऊच शिकवलंय ना मला!"

"मग अकरा झाल्यावर तू काय करणार?"

पोरीने नवी जोडी माझ्या हातात ठेवली.

म्हटलं, देवालाच विचारू. हे मागे मटणाची पिशवी घेऊन तयारच! हात जोडले, "भूमिदेवा, हिला काम लागलं असं धरू का रे?" नवे कोरे ठोकळे टाकले...

दोन्ही उताणे.

आता कुणाला बोल लावणार? ह्यांनी काही न विचारता पिशवी लिआओ काकांच्या हातात दिली. म्हटलं चला, घरी तोफू आहे.