होडीवरचं छत

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. होड्यांच्या सामानाच्या दुकानात मास्तरीणबाई रांगेत होत्या. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“उन्हासाठी छत बसवलं, तर गळाची काठी मागे झोकायला जागा उरणार नाही, आजोबा,” दुकानदार म्हणाला.

“मग राहू दे छत.”

“मग मीही राहते घरी,” आजी म्हणाल्या. “डोळ्यांच्या ऑपरेशनपासून ऊन सोसत नाही.”

“इतकी वर्षं सोसलंसच की.”

“तेव्हा तुम्ही डोक्यावर टॉवेल धरायचात.”

“दुकानात कशाला टोमणे?”

“घरी तुम्हाला ऐकू येत नाही.”

“बसव रे बाबा छत. काठी राहू दे.”

“आणि मासे?” दुकानदाराने विचारलं.

“बाजारात मिळतात. हिच्यासारखं भांडणारं नाही मिळत.”

काही वर्षांनी दुकानदार आपल्या मुलाकडे राहायला गेला. आजोबा वारल्यावर आजी काठाला बांधलेल्या होडीत जाऊन बसत. निवृत्त मास्तरीणबाईंना काठाने फिरायला जाताना त्यांचं आजोबांशी चाललेलं भांडण ऐकू येई.