मोटारीची खांदेमळणी

बैलं तर तुमी समद्यांनी धुतली असतील, पण मी मोटार बैलावानी धुतली हाय. आमच्या वडवणीच्या देशमुख मालकांनी काळी मोटार आणली आन माझ्या हवाली केली, कारण त्यांची बैलं मीच सांभाळायचो. म्हणाले, "बैलाला जपतोस तशी जप. उन्हानं रंग उडाला तर तुझं कातडं सोलीन."

पोळ्याच्या आदल्या दिशी आपण बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतो. मग मोटारीला कावून न्हाई? तिचा खांदा काय मला सापडंना, म्हणून सगळ्या अंगालाच चोळलं. मोटार नवरीवानी पिवळी झाली.

तेवढ्यात मालक धावत आले. "काय केलंस बे हे? बीडचे तालुकदारसाहेब मोटार बघायला वेशीपाशी आलेत."

मी पाण्याला पळालो. परत येऊन बघतो तर गल्लीतली पाच कुत्री मोटार चाटत होती. मी काठी उगारली, तर मालकांनी हात धरला. "थांब. जरा बघ तरी." जिथं जीभ फिरली होती, तिथं आरसा झालता.

साहेब आले तवा मोटार लखलखत होती. तिच्यात मिशा बघत म्हणाले, "देशमुखसाब, ये पालिश कहाँ की है?"

"घरचंच हाय, साहेब. पोळा झाला की पाठवतो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिशी मी गाडी जुंपून बीडला गेलो. साहेबांचा चपराशी म्हणाला, "तुपाचा डबा कळला, पण ही पाच कुत्री कशाला?"

म्हणलं, "तूप नुसतं लावायचं. पालिश हे करत्यात."