विनोदचे किलोमीटर

(मांडवगण फराटा. विठाबाईंच्या घराचा ओटा. सकाळ.)

विठाबाई : राग न्हाई, पर माझ्या विनोदच्या जलदानाला दौंडची सगळी टीम आली. कोच आले, बॉलमधी हवा भरणारं म्हातारं बी आलं. तुम्हीच तेवढ्या आला न्हाईत, मॅडम.

अनुपमा : मावशी, मला मॅडम नका ना म्हणू.

विठाबाई : मग काय म्हनू? पयल्यांदा आलात तवा पोरी म्हनले व्हते. हितंच बसून भाकरी खाल्ली तुम्ही.

अनुपमा : आठवतंय. शिरूरच्या स्पर्धेत विनोदला पाहिलं आणि चौथ्या दिवशी इथं आले.

विठाबाई : मी म्हनलं, बाई, दोन वर्सं खेळतंय, एक गोल न्हाई केला त्यानं. ह्याला नेऊन काय करता?

अनुपमा : गोल सगळ्यांनाच दिसतो, मावशी. मी व्हिडिओ थांबवत थांबवत मोजलं होतं. एका मॅचमध्ये एकवीस वेळा त्यानं समोरच्याच्या पायातून बॉल काढून घेतला. नावाजलेले खेळाडू आमच्या क्लबकडं येत नाहीत. कुणाच्या नजरेत न आलेले शोधायचे, आकड्यांवरून. तेच माझं काम.

विठाबाई : कप जिंकला तवा दौंडात खांद्यावर घेऊन नाचले त्याला. मी बघितलंय. मग दोन वर्सांत टीममधनं का काढला?

अनुपमा : तेच सांगायला आलेय. कोचनी नाही काढलं. मी काढलं.

विठाबाई : तुम्ही?

अनुपमा : खेळताना पोरांच्या पाठीवर एक छोटं यंत्र असतं, कोण किती पळाला ते मोजणारं. विनोद मॅचला दहा किलोमीटर पळायचा. दिवाळीनंतर नऊ झाले. मग आठ. जानेवारीत साडेसहा. शेवटचा अर्धा तास तर तो चालतच होता. मी मीटिंगमध्ये कागद ठेवला, म्हटलं, याच्या जागी दुसरा बघा. कोच म्हणाले, आधी त्याच्याशी बोलू या. मी म्हटलं, कशाला? सगळं दिसतंय की यात.

विठाबाई : आन् बोलला न्हाईत.

अनुपमा : नाही बोलले.

विठाबाई : त्यानं घरी बी सांगितलं न्हाई. तीन आठवडे रोज सकाळी किट घेऊन निघायचा. मला वाटायचं, दौंडला चाललाय.

अनुपमा : मग कुठं जायचा?

विठाबाई : तुम्हाला ठावं न्हाई?

अनुपमा : मैदानावर पडला, एवढंच कळलं. मला वाटलं, गावातल्या पोरांबरोबर खेळत असेल.

विठाबाई : एकटा व्हता. हितल्या शाळेच्या मैदानाला चकरा मारायचा. साखरबाई शाळेत खिचडी शिजवती, तिनं मागनं सांगितलं. तिला म्हनायचा, दहा पुरे झाले की मॅडम परत घेत्यात.

अनुपमा : असं म्हणायचा?

विठाबाई : रोज. पडला त्या दिशी मोबाइलवर सातच किलोमीटर दिसत व्हते.

अनुपमा : मावशी…

विठाबाई : रडू नका. फोनवर तुम्ही म्हनला व्हता, दाक्तरला भेटले. काय म्हनले ते सांगा.

अनुपमा : पुण्यात हृदयाच्या एका डॉक्टरांना त्याचे सगळे आकडे दाखवले. त्यांनी कागद पाहिला आणि लगेच म्हणाले, हा मुलगा ढिला पडला नव्हता, आजारी होता. हृदय मोठं होत चाललं होतं त्याचं. नोव्हेंबरमध्ये तपासलं असतं तर औषधं सुरू झाली असती. फुटबॉल सुटला असता, पण…

विठाबाई : जगला असता.

अनुपमा : बहुतेक, म्हणाले.

विठाबाई : आन् हे सांगाया आलीस व्हय माझ्या दारात? दीड महिना मी म्हनत बसले, नशिबात नव्हतं. तेवढं तरी ठिवायचं व्हतंस माझ्याकडं.

अनुपमा : दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर… निघते मी.

विठाबाई : बस.

अनुपमा : मावशी, तीन महिने त्याचं आजारपण माझ्याकडं होतं, आकड्यांत. माझ्या अक्षरात लिहिलेलं. मी ते वाचलं आणि म्हटलं, हा खेळाडू संपला.

विठाबाई : माझ्याकडं बी व्हतं.

अनुपमा : काय?

विठाबाई : दिवाळीपास्नं ह्या पायरीवर बसून बूट काढायचा. बूट निघालं तरी उठायचा न्हाई. झोपताना दोन-दोन उशा घ्यायचा, आडवं झालं की गुदमरतं म्हनायचा. आन् बूट घट्ट व्हत्यात म्हनला, तर मी हसले. म्हनलं, बाविशीत बी पाय वाढत्यात का रं तुजं?

अनुपमा : डॉक्टरांनी हेच विचारलं मला. पाय सुजायचे का, झोपताना त्रास व्हायचा का. मला काहीच सांगता आलं नाही.

विठाबाई : कसं सांगशील? तू मला कवा इचारलं न्हाईस. मी बी कवा दौंडला येऊन म्हनले न्हाई, की बाई, माझं पोरगं पायरीवर बसून ऱ्हातंय.

अनुपमा : मी हे काम सोडतेय. कोचना सांगून आलेय तसं.

विठाबाई : आन् बाकीच्या पोरांचं यंत्र कोन बघनार?

अनुपमा : कुणी नाही. नकोच ते.

विठाबाई : आता कुनाचं पळणं उतरतंय का?

अनुपमा : एकाचं थोडं उतरलंय. विश्वजीत, केंदूरचा. दोनच मॅच झाल्यात तशा. झोप झाली नसेल, पाय दुखत असेल. काहीही असू शकतं, मावशी.

विठाबाई : इचारलंस त्याला?

अनुपमा : नाही.

विठाबाई : मोबाइल काढ.

अनुपमा : आत्ता?

विठाबाई : मग कवा?

अनुपमा : लावते. हा बघा, विश्वजीतचा नंबर.

विठाबाई : त्याला नगं. पोरगं न्हाई सांगायचं. त्याच्या आईला लाव.