पाहुण्यांच्या यंत्रासाठी

(मावशींच्या शिवणाच्या खोलीत इंटरनेटचा वेग मोजायला आलेली सरकारी इंजिनीयर टेबलावर यंत्र मांडते आहे. मावशींची लेक दारात उभी.)

मावशी : अहो, पण गेल्या वर्षी झालीये की मोजणी! ह्याच टेबलावर. एक साहेब आले होते.

इंजिनीयर : म्हणूनच आलेय, मावशी. त्यांचा आकडा मला पटत नाही. टॉवर एकच, शेजारच्या गावांत नेट रडतखडत चालतं आणि तुमच्याकडे सुसाट. असं कसं?

मावशी : साहेब तर खूश होऊन गेले.

लेक : खूश होऊन 'गरज नाही' असा शेरा मारून गेले. सरकारी पैशातली केबल शेजारी गेली. मी शहरातल्या कंपनीसाठी नकाशे काढते, आणि पाठवायला पाण्याच्या टाकीवर चढते. आता कंपनी म्हणते, एक तारखेपासून ऑफिसात येऊन बसा, नाहीतर काम सोडा.

मावशी : ही जाणार, नातही जाणार. घर खायला उठेल मला.

इंजिनीयर : त्या दिवशी गावात काही वेगळं होतं का? लोक बाहेरगावी वगैरे?

मावशी : छे! सगळे घरीच. फोन बंद करून शहाण्यासारखे बसले होते.

इंजिनीयर : फोन बंद? का?

मावशी : मीच घरोघरी सांगून आले. माणूस एवढ्या लांबून आलाय, त्याचं यंत्र नीट चालू दे, तोवर कुणी फोनला हात लावू नका. पाहुणा यायचा म्हटलं की पसारा आवरतोच ना आपण?

इंजिनीयर : आणि ऐकलं सगळ्यांनी?

मावशी : एकूण एक! फोन कानाला लावल्याशिवाय ज्याचा वस्तरा चालत नाही, त्या न्हाव्यानंसुद्धा.

लेक : आई! हे मला कधी बोलली नाहीस.

मावशी : त्यात सांगायचं काय? मला वाटलं, चांगला आकडा आला की केबल लवकर येईल. नापास होणाऱ्याला बक्षीस देतात, हे मला काय ठाऊक!

इंजिनीयर : सगळं गाव बाजूला झालं, आणि साहेबांनी मोकळा रस्ता मोजला.

मावशी : खरं सांग पोरी, माझ्यामुळे जातेय का ही?

इंजिनीयर : नाही हो. साहेबांनी विचारायला हवं होतं.

मावशी : मग आता काय करू? सगळ्यांना फोन चालू करायला सांगू?

इंजिनीयर : काहीच सांगू नका. रोजचं जसं आहे तसं राहू द्या.

मावशी : पसाऱ्यासकट?

इंजिनीयर : पसाऱ्यासकट. थांबा, मोजतेय... आला आकडा.

मावशी : कसा आहे?

इंजिनीयर : लाज वाटावी असा.

मावशी : देव पावला! मग केबल कधी?

इंजिनीयर : मी लिहीन, ठरवणारे वर बसलेत. मंजूर झालं तरी वर्ष जाईल.

मावशी : आणि कंपनीची एक तारीख?

लेक : ती नाही हलायची, आई.

मावशी : म्हणजे जाणारच तू.

लेक : जाणार. पण तिथे खोली घेताना लांब मुदतीचा करार नाही करत. महिन्या-महिन्याची बघते.