तीनच गोळ्या

आदरणीय अध्यक्ष सरपंच रामसिंगजी, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या उत्सवमूर्ती नर्स प्रभावतीबाई आणि फुलसावंगीच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी अब्दुल गनी, शिंपी. कपड्याचं माप घेण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, भाषणात मात्र मी कच्चा. तरीही आज मुद्दाम वेळ मागून घेतली.

बाईंच्या सेवेचा गौरव झाला, हार झाले. पण त्यांची बदली का झाली, हे कुणी बोललं का? मी बोलतो. दोन वर्षांपूर्वी माझी बायको अमिनाबी बाळंतपणात गेली. 'नर्सबाईच्या गोळ्यांनी गेली' असा गावभर बोभाटा झाला. बायांनी दवाखान्याची पायरी चढणं सोडलं, वर अर्ज गेले.

खरं काय ते ऐका. अठरा वर्षांत तिची सहा बाळंतपणं झाली होती. सातव्या वेळी पाण्याची घागर आणताना ती तीनदा खाली बसायची, भिंतीची माती खायची. बाईंनी पापणी ओढून पाहिली. म्हणाल्या, "भाऊ, अंगात रक्तच नाही हिच्या. घरात शेवटी कोण जेवते?"

मी ऐटीत सांगितलं, "हेच! सगळ्यायले खाऊ घालून उरलंसुरलं खाते." मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"अन् उरते काय, भाऊ?" बाईंनी विचारलं.

त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका, हेही बजावलं. चौथ्या दिवशी तसंच झालं. पण आम्ही पडलो शहाणे! 'हे दवा नाही, जहर हाय,' म्हणून मी पुडी उकिरड्यावर फेकली. बाई दर बुधवारी विचारायच्या, "गोळ्या घेते ना?" मी म्हणायचो, "हो." मग फरक का पडत नाही, म्हणून त्या कोड्यात पडायच्या. बाळंतपणात रक्त थोडंच गेलं. तिच्याजवळ तेवढंही नव्हतं.

मयतीच्या दिवशी बाई रडत म्हणाल्या, "माह्यंच काही चुकलं असन." मी चूप राहिलो. दोन वर्षं चूप राहिलो. लाज वाटते मला.

मग आजच का बोलतो? माझी मोठी मुलगी रौशन तिकडं बायांत बसली आहे. तिला पाचवा महिना आहे. तोंड पांढरंफटक पडलंय. परवा तिच्या ओढणीच्या गाठीत माती सापडली. गोळ्या पुढं केल्या तर म्हणते, "अम्मी त्याच्यानंच गेली."

बेटी, अम्मीच्या पोटात तीनच गोळ्या गेल्या. बाकीच्या मी फेकल्या.

अध्यक्षमहाराज, बोलू दिलंत, आभारी आहे. शेवटी चूकभूल माफ करा म्हणायची रीत आहे. भाषणातली चूक सभेनं पोटात घालावी. दुसरी माफ करा म्हणायची माझी हिंमत नाही, बाई. फक्त गाडीत बसण्याआधी रौशनला पहिली गोळी तुमच्या हातानं द्या.