हौदाचं पाणी तापत न्हाई

(मुरुडच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेलं घर. अंगणात छातीइतक्या पाण्याचा पोहायचा हौद. थंडीतली दुपार.)

वर्षाराणी : घाल हात. बघतोस काय यासेर, घाल ना. आता सांग, गरम आहे का हे पाणी?

यासेर : थंड हाय, ताई.

वर्षाराणी : थंड आहे. वर ऊन बघ कसं रखरखतंय, आणि पाणी थंड. फिल्टर धुतलास, पंप उघडून परत बसवलास, मागल्या आठवड्यात सेन्सर बदललास. दर वेळी फोनवर तेच, ताई, आता फर्स्ट क्लास.

यासेर : मी येतो तवा सगळं बरोबरच दिसतं, ताई. खोटं बोलत असेन तर जीभ झडू दे माझी.

वर्षाराणी : येतोस कधी तू?

यासेर : लातूरची कामं उरकून. दिवस कलताना. अम्माच म्हणतात, दुपारचं येऊ नको बाबा, काकांची झोप मोडती.

लक्ष्मीबाई : हाव, मीच म्हणते. आजारी माणूस हाय घरात, त्यात काय वाईट? वर्षे, एका जागी बस तरी. आल्यापासून भिंगरीगत फिरून राहिलीस. नांदेडहून निघालीस ती उपाशीच. भाकर टाकते, बस.

वर्षाराणी : भाकरी नको मला. माय, डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस का? लकव्यानं गेलेला पाय गरम पाण्यात हलवला तर हलेल, नाहीतर गुडघा आहे तसाच धरेल. त्यासाठीच हा हौद बांधला ना आपण. दिवाळीला आप्पा ह्या कठड्याला धरून पाण्यात पावलं टाकत होते. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. आणि आता हौदाकडं बघतसुद्धा नाहीत म्हणतेस.

लक्ष्मीबाई : थंड पाण्यात कसे उतरतील?

वर्षाराणी : मग तेच तर विचारते मी आल्यापासून. थंड का?

यासेर : ताई, हे बघा. पंप हौदाचं पाणी वर ढकलतो. स्लॅबवर काळ्या रबराच्या चटया हायत, त्यातनं फिरून, तापून ते खाली येतं. पण वर ऊन हाय का न्हाई, ते सेन्सर सांगतो. तो ऊन न्हाई म्हणला की वरची वाट बंद. पाणी खालच्या खालीच फिरतं. हा वरून येणारा पाइप, धरा बरं.

वर्षाराणी : गार आहे.

यासेर : म्हणजे वाट बंद हाय. सेन्सर म्हणून राहिला, ऊन न्हाई.

वर्षाराणी : ऊन नाही? इथं उभं राहून माझं डोकं भाजलं. आंधळा आहे का तुझा सेन्सर?

यासेर : नवा हाय, ताई. मलाच कळंना झालंय. ती वाट उघडणारा वॉल्व्ह खराब असावा, असं वाटतं.

वर्षाराणी : वाटतं, वाटतं. किती दिवस नुसतं वाटणार तुला? चल वर. डोळ्यांनी बघू.

लक्ष्मीबाई : आता कशाला उन्हाचं? जेवा, पड जरा. चारच्या पुढं जावा.

वर्षाराणी : चारच्या पुढं ऊन काय राहील, माय?

लक्ष्मीबाई : अगं, जिना वला हाय. घसरशील. टाकी सांडली सकाळी.

वर्षाराणी : टाकी त्या अंगाला, जिना ह्या अंगाला. टाकी सांडून जिना कसा ओला होईल?

लक्ष्मीबाई : मला काय ठाऊक? वला हाय, एवढं खरं. यासेर, तू तरी ऐक, बाबा.

यासेर : मी न्हाई चढलो तर ताई कंपनीला फोन लावतील, अम्मा. माझी रोजी जाईल.

वर्षाराणी : लावणारच आहे. चल.

लक्ष्मीबाई : वर्षे, मी सांगते, चढू नको.

वर्षाराणी : सरक, माय.

लक्ष्मीबाई : वर्षे...

वर्षाराणी : हे काय आहे? यासेर, चटयांवर हे काय पसरलंय?

यासेर : वाकळा हायत, ताई. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आन सेन्सर ह्या वल्या वाकळेखाली दबलाय. त्याला कुठून लागणार ऊन? दिवस कलला की अम्मा उचलून नेत असतील, म्हणून मला कधी दिसल्याच न्हाईत.

वर्षाराणी : माय, वर ये. हळू. दम खा आधी, आणि मग सांग मला. आख्खं अंगण मोकळं पडलंय, दोरी बांधलेली आहे, आणि वाकळा वाळवायला तुला हीच जागा सापडली?

लक्ष्मीबाई : इथं लवकर वाळत्यात.

वर्षाराणी : लवकर वाळतात. सगळं ऊन वाकळांना, आणि फोनवर मला सांगतेस यासेरला काही जमत नाही. ह्या माणसाला मी काय काय बोलले.

लक्ष्मीबाई : मला बोल. त्याला नको.

वर्षाराणी : आणि थंडीत रोज वाकळा कोण धुतं, माय?

लक्ष्मीबाई : धुवाव्या लागत्यात.

यासेर : ताई, मी खाली जाऊन पंप बघतो.

लक्ष्मीबाई : थांब, यासेर. तू आता बघितलंच की. तुझ्याबी घरी म्हातारं माणूस असंल.

यासेर : अब्बा होते, अम्मा. लई दिवस अंथरुणात होते.

लक्ष्मीबाई : मग तुला काय सांगायचं. वर्षे, रातच्याला त्यांना कळत न्हाई. पहाटं जाग येती, तवर अंथरूण वलं झालेलं असतं.

वर्षाराणी : कधीपासून?

लक्ष्मीबाई : दिवाळी करून तू गेलीस, त्याच्या मागनं. पहिल्या दिवशी वाकळ अंगणातच टाकली मी. पण हा हौद झाल्यापासून येणारा जाणारा इथं डोकावल्याबिगर जात न्हाई. गावाला टँकर आन शेषेरावाला गरम हौद, म्हणत्यात. त्या दिवशी गावातला शिवशंकर थांबला. म्हणला, काय वहिनी, तान्हं लेकरू आलं का घरात? खिडकीतनं ऐकलं ह्यांनी. त्याच शिवशंकरला ह्यांनी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. आर्ध्या गावाला शिकवलं. त्या दिवशी ताटावरनं उठले. आता दिवस मावळला की पाणी पीत न्हाईत, तरी व्हायचं ते होतंच.

वर्षाराणी : मला सांगायचं नाही का? औषधं असतात त्याच्यावर.

लक्ष्मीबाई : तुलाच तर सांगायचं नव्हतं. गळ्याची आण घातली मला. पोरीला कळलं तर तिला तोंड दाखवणार न्हाई, म्हणले. वर चटयांवर टाक, दुपारचं तिथं कुणी चढत न्हाई, म्हणले.

वर्षाराणी : आप्पा म्हणाले? चटयांवर टाक म्हणून?

लक्ष्मीबाई : हाव.

वर्षाराणी : पाणी थंड पडेल, हे कळत होतं त्यांना?

लक्ष्मीबाई : न कळायला काय झालं? मी म्हणले, पाय धरून बसंल तुमचा. म्हणले, बसू दे. पायाचं दिसलं तर लोक हळहळत्यात, ह्याचं दिसलं तर हसत्यात.

वर्षाराणी : आणि परवा फोनवर मी त्यांना म्हणाले, तुम्ही आळशी झालात, आप्पा. तुम्हालाच चालायचं नाही.

लक्ष्मीबाई : मला सांगितलं त्यांनी. बरं झालं, म्हणले, तिला आळसच वाटू दे.

वर्षाराणी : अरे देवा.

यासेर : ताई, टाकीच्या मागं जागा हाय. ऊनबी हाय, आन रस्त्यावरून दिसत न्हाई. चटयांचा उरलेला पाइप पडलाय, त्याचे दोन तुकडे दोन टोकांना उभे करून तार ओढतो. वाकळा तिथं वाळतील.

वर्षाराणी : तार आहे?

यासेर : गाडीत हाय.

वर्षाराणी : यासेर, मघाशी मी जे बोलले...

यासेर : जाऊ द्या, ताई. आधी ह्या उचलू. तिकडचं टोक धरा.

लक्ष्मीबाई : तू नको हात लावू, वर्षे. मी धरते.

वर्षाराणी : सोड, माय. लहानपणी माझ्या किती धुतल्यास?

लक्ष्मीबाई : ते येगळं.

वर्षाराणी : काही येगळं न्हाई. सोड.

यासेर : सेन्सरला ऊन लागू द्या जरा. थांबा... खटका वाजला, ऐकलं का? वाट उघडली. पाणी चढून राहिलं वर. चटईला हात लावा, ताई. उघडी पडताच तापली, आता गार पडंल. तिची सगळी ऊब पाण्यात जाती.

लक्ष्मीबाई : गप बसा. खालनं तुझे आप्पा हाक मारून राहिले.

शेषेराव : वर्षे, काय निघालं गं?

लक्ष्मीबाई : आता काय सांगतीस? माझी आण हाय बघ तुला.

वर्षाराणी : पाइपात हवा धरली होती, आप्पा. यासेरनं काढली. उद्या दुपारपर्यंत पाणी कोमट होईल.

शेषेराव : हवा?

वर्षाराणी : हाव.

शेषेराव : यासेर म्हणला का तसं?

यासेर : हवाच होती, काका.

शेषेराव : बरं. हवा तर हवा. उद्या उतरतो मग.

वर्षाराणी : उतरा, आप्पा. मी आहे उद्या. रजा टाकते.

शेषेराव : वर्षे.

वर्षाराणी : जी, आप्पा.

शेषेराव : येताना मायचा हात धर. रोज ते वलं वझं न्हेऊन न्हेऊन तिनं जिना पार निसरडा करून ठेवलाय.