ओटीपी कोणालाच सांगायचा नाही

"हॅलो?... कोण?... कोण संचिता?... जरा मोठ्यान बोल, आयकाक येणा नाय!"

सुशीलाने पदराला हात पुसले आणि फोन घेऊन ती पायरीवर आली. आचऱ्यातल्या त्या घरात बोलण्याइतकी रेंज तेवढ्याच पायरीवर. नंबर लांबलचक, परदेशातला. लेक नर्स म्हणून आयर्लंडला गेली त्याला आठवडा झाला होता. पण हा नंबर तिचा नव्हता, आणि आवाज तर अजिबातच तिचा वाटत नव्हता.

"तुझो आवाज असो कित्याक?... सर्दी?... मगे तुझो फोन खंय?... थंयचां कार्ड चालू होऊक नाय? मगे ह्यो कोणाचो?... नव्या खोलीच्या घरमालकिणीचो. भिंतीवरचो... म्हणजे तोंड दिसाचां नाय तुझां. बरां, बोल."

ऐकता ऐकता तिची नजर पायरीलगतच्या खिडकीकडे गेली. तिथे संचिताचा जुना फोन चार्जिंगला लावलेला होता. बँकेत नोंदवलेला इथला नंबर त्यातच चालू ठेवला होता.

"घरमालकिणीच्या कॉम्प्युटरवरसून पैसे भरतंस?... होय, आसा ना तो फोन... मेसेज? थांब हां... होय, इलो. ओटीपी म्हणान लिवलेला आसा... तो सांग म्हणतंस?... अगो बाय, जाताना तूच घोकून घेतलंस ना माझ्याकडसून! पोलीस म्हणान मागूदे, बँकवालो म्हणान मागूदे, सांगाचो नाय!... तू मागलंस तरी? पण तूच ती, ह्यां माका कसां कळाचां?... अगो, शेजारच्या मथुरावैनीक असोच फोन इल्लो. भाच्याचो आवाज, तस्सोच! रडान रडान बोललो. सगळां खातां धुवून नेल्यानी तिचां!"

पलीकडून भराभर काहीतरी आलं.

"रागाव नको... आयकतंय मी... आज पैसे इले नायत तर खोली दुसऱ्याक?... आणि हॉस्टेल उद्या खाली करूचां?... मगे रवतलंस खंय? अरे देवा..."

फोन घामाने गालावरून सरकत होता. पैसे संचिताचेच, इकडे रात्रपाळ्या करून साठवलेले. ते वेळेत तिकडे गेले नाहीत तर पोर परमुलखात रस्त्यावर; आणि हा कोणी फसवणारा असला तर पोरीची सगळी मेहनत त्याच्या घशात.

"असां कर. माका एक सांग. तू निघालंस त्या दिवशी तुझे बाबा खंय होते?"

तिने मुद्दाम घरातलं विचारलं. गुरुदास त्या दिवशी होडी घेऊन समुद्रात गेला होता. मुलीने परदेशी जायचं ठरवल्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आत्ताही पडवीत पाठ करून जाळं विणत बसला होता.

"काय?... एस्टी स्टॉपावर? सुरूच्या झाडांमागे?... खोटां! साफ खोटां! ते दर्यार गेल्ले, मीच डबो दिलंय! कोण तू? माझ्या चेडवाचां नाव घेऊन... ठेव फोन मेल्या!"

बोट लाल बटणावर गेलं, आणि तिला दिसलं, गुरुदासचा हात जाळ्यात तसाच थांबला होता.

"थांब... थांब गो जरा. अवो, ती काय सांगता आयकलास? तुमी थंय होतास?"

तो उठला. खिडकीतला फोन काढून आणला, डोळ्यांपासून लांब धरला आणि सुशीलाच्या हातातला दुसरा फोन कानाला लावला.

"हां... मी. बाबा." त्याने घसा खाकरला. "लिव. चार... नऊ... शून्य, शून्य... सात... दोन. घातलंस?... काय? वेळ संपली?... मगे दुसरो मागव... नाय इलो अजून... नाय... हां, इलो! कितक्या बारीक लिवतत मेले... आठ, एक, एक... पाच... तीन... सहा. लागलो?"

सुशीला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"गेले?... खोली मिळतली मा?... बरां."

काम झालं होतं. पण फोन त्याने ठेवला नाही.

"होय, होतंय थंय... नाय, होडी काढलीच नाय त्या दिवशी... ऊन लागी होतां, म्हणान झाडांमागे उभो... काय?"

तो एकदम हसला, आणि हसता हसता त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"होय गो, होय. सकाळच्या सहाच्या एस्टीक खंयचां ऊन!... सर्दीर काय घेतंस?... थंय मिरी मिळता?... नाय नाय, ठेव नको. त्या बाईक सांग, बापूस बोलता म्हणान... हॅलो?... हॅलो? संचिता?..."

लाइन गेली होती. गुरुदास दोन्ही फोन मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसला. सुशीलाने चहा केला आणि त्याला तिथेच आणून दिला.